मधुभाऊंनी कंपनीचं बारसं केलं होतं

मधुभाऊंनी आपल्या कंपनीचं बारसं केलं होतं. अगदी खरंखुरं! घुग्घुसच्या वर्कशॉपमागच्या खोलीत पाळणा टांगला, नोंदणीचं प्रमाणपत्र दुपट्यात गुंडाळून त्यात ठेवलं आणि त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, वाकून त्या कागदाला नाव सांगितलं. मला हसू आवरेना. त्या दोघांना मूल नाही, हे नंतर कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसं खूळ माझंच. चंद्रपुरात मी कंपन्या नोंदवून देतो. मधुभाऊ कोळशाच्या टिप्परचे डाले, म्हणजे मागचे उचलले जाणारे हौदे, वेल्डिंग करायचे. सिमेंट कारखान्याचं काम कंपनीलाच मिळतं, म्हणून माझ्याकडे आले. मी नेहमीचं सांगितलं, "कंपनी म्हणजे कायद्यानं वेगळा माणूस. तिच्यावर काही आलं तरी तुमचं घर-शेत शाबूत."

"वेगळा माणूस?" ते खुलले. "मंग पोरगाच म्हना ना आमचा!"

तेव्हापासून फोनवर एकच. "पोट्टा चालून राह्यला भाऊ आता!" माणूस तोंडाचा फटकळ, पण कामगार उपाशी दिसला की हातातली वेल्डिंगची कांडी खाली ठेवायचा. "आधी जेव बे, मंग मर काम करून." हे त्यांचं पालुपद होतं.

दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडचा एक वेल्डर, सुरेश, मेला. उचललेल्या डाल्याखाली तो वेल्डिंग करत होता, वरून डाला आला. खाली लोखंडी टेकू लावलेला नव्हता.

वकिलानं सांगितलं तसा मी पोलिसांत द्यायचा कागद तयार केला. कामगार सूचना न पाळता, टेकू न लावता आत गेला. संचालकांची वैयक्तिक जबाबदारी नाही. मधुभाऊंनी तो दोनदा वाचला.

"मीच बोललो त्याले, टेकू राहू दे, गाडी सोडाची आहे."

"तुमचं घर वाचतंय भाऊ. कंपनी वेगळी, तुम्ही वेगळे."

"पोरानं मानूस मारला त बाप वेगळा होते का?" ते ओरडले. "अन् इथी त बापानंच मारला!"

मला गाडीत घालून ते सुरेशच्या घरी घेऊन गेले. त्याची बायको सुनंदा उलट त्यांचीच समजूत घालत होती. "भाऊ, तुमी काऊन रडता? त्याचंच ध्यान नसन." मधुभाऊंनी कागद तिच्यापुढे धरला. "यात तुह्या मानसाची चूक लिवली आहे. खोटं आहे बाई. मीच धाडलं त्याले आत." तिनं त्यांच्यापुढचा पाण्याचा गडवा उचलला आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

पोलिसांपुढेही त्यांनी तेच सांगितलं. कारखान्यानं काम काढून घेतलं, कंपनी बंद पडली. मूल गावाजवळचं आपलं शेत, धानाची बांधी, त्यांनी सुनंदाच्या नावे करून दिली. तिनं अंगठा दिला, त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुढे ते दुसऱ्याच्या दुकानात रोजीनं वेल्डिंग करत. केस उभी राहायच्या आतच छातीच्या दुखण्यानं गेले.

मयतीला सुनंदा आली होती. आत आली नाही. तिरडी उचलेपर्यंत कुंपणापाशी उभी राहिली, मग माझ्याजवळ आली.

"तो कागद फाडला ना तुमी?"

"फाडला," मी म्हणालो.

फाडला नाही. नावं बदलून तोच मजकूर मी त्यानंतर आणखी दोघांना दिला आहे.