कुणीतरी फोन उचलेपर्यंत

आमच्या ऑफिसात माणसं तीन, पण किस्से तीस माणसांना पुरून उरतील. मोठ्या कंपनीत गोंधळ वाटून घेता येतो, आमच्याकडे तो प्रत्येकाला अख्खा मिळतो.

वैदेही मॅडम मालकीण, केतन प्रोग्रॅमर आणि गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यायला मी. केतनने एक छोटासा डेटाबेस बनवला. जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत मावतो, आकडा बदलला की लगेच मोबाईलवर दाखवतो आणि कामांची रांग त्याच्या पोटातच. काम फसलं की पुन्हा रांगेत, होईपर्यंत.

पैसे देणारं गिऱ्हाईक एकच, दिंडोरीचे भाऊसाहेब. त्यांच्या द्राक्षांच्या कोल्ड रूमवर पेटीने लक्ष ठेवायचं, बोली एका सीझनची. पसंत नाही पडली तर ऑफिसला कुलूप आणि मी परत पुण्याला. आईसाठी पुण्याची नोकरी सोडून नाशिकला आलो होतो, त्यामुळे धाकधूक मलाच जास्त.

* * *

पेटी बसवली, तर भाऊसाहेब टेबलामागे डोकावून बघायला लागले.

"बाकीचं कुठंय?"

"एवढंच आहे."

एवढी महत्त्वाची वस्तू उघड्यावर नको म्हणून त्यांनी ती लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. पेटी तापून बंद पडली. मी म्हटलं, थंड जागी ठेवा. दुसऱ्या दिवशी बघतो तर पेटी कोल्ड रूममध्ये, द्राक्षांच्या क्रेटवर!

"ह्याच्याहून थंड जागा अख्ख्या दिंडोरीत नाय," भाऊसाहेब म्हणाले.

* * *

मार्चच्या उन्हात पॅकिंगची माणसं गुपचूप कोल्ड रूममध्ये जाऊन बसायची. आता दार उघडलं की घरी बसलेल्या काकूंच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या बायकोच्या, मोबाईलवर तापमानाचा आकडा चढायचा आणि त्यांचा फोन यायचा, "कोण बसलंय आत? बाहेर या आधी."

एकदा भाऊसाहेबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मी आत गेलो की आकडा हलू नये, अशी काही सोय हाय का?"

* * *

तापमान वाढलं की पेटी फोन लावते. वैदेही मॅडमचा रेकॉर्ड केलेला आवाज इशारा देतो आणि 'एक' दाबेपर्यंत फोन येतच राहतो. भाऊसाहेब एका साखरपुड्यात जेवायला बसले होते. प्रत्येक फोनला "ऐकलं ताई, सांगतो पोरांना" म्हणत राहिले. एक काही दाबलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमना म्हणाले, "काल लय रागावल्या व्हत्या का? मी एवढं समजावतोय, तुमचं आपलं तेच तेच."

मॅडमनी सरळ माफी मागून टाकली. गिऱ्हाईक एकच होतं.

* * *

फोनसाठी चार नंबर लागतात, एकाने उचलला नाही की पेटी पुढच्याला लावते. भाऊसाहेबांनी स्वतःचा, काकूंचा आणि सुपरवायझरचा दिला आणि चौथ्याला अडले. मी म्हटलं, जवळ राहणारं कुणीही चालेल. मग त्यांनी नाइलाजाने व्याह्यांचा दिला. व्याह्यांचा मळा कोल्ड रूमला लागूनच. पण मुलीच्या लग्नात त्यांना फेटा बांधायचा राहिला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"बोलत नाय आम्ही," भाऊसाहेब म्हणाले. "पण माणूस फोन उचलतो."

सीझन संपत आला होता. परदेशी जाणारा माल आत भरलेला, आणि भर दुपारी वीज गेली. जनरेटर आपोआप चालू व्हायचा, तो झालाच नाही. पेटी तिच्या बॅटरीवर चालू होती, म्हणून आम्हाला ऑफिसात आकडा चढताना दिसत होता. भाऊसाहेब विंचूरला गेलेले, त्यांचा फोन लागेना. काकू चैत्रातल्या हळदीकुंकवाला. सुपरवायझरचा फोन बंद. व्याह्यांना फोन करायची आमची कुणाचीच छाती होईना. पेटीला असली भीड नव्हती.

स्क्रीनवर उमटलं, 'चौथा नंबर: एक दाबले.' थोड्या वेळाने आकडा उतरायला लागला. केतन खुर्चीत मागे रेलला. मला तर रडूच आलं.

व्याह्यांनी धावत जाऊन जनरेटर चालू केला होता आणि भाऊसाहेब येईपर्यंत ते दारात बसून होते.

सकाळी भाऊसाहेबांचा फोन आला. मॅडमनी भीतभीतच विचारलं, "माल ठीक आहे ना? पेटी ठेवायची ना?"

"ठेवायची. पण मला सांगा, आमचे व्याही चौथे कसे बसवले तुम्ही? पहिला नंबर त्यांचा लावा."