मंडईच्या पुढच्या थांब्यावर फुले वाहू नका

आपल्या मठाच्या मासिकात गेल्या वर्षी माझा एक अनुभव छापून आला होता. नातीला बाबागाडीत घालून बसने मठात येत असताना ती बसमध्येच राहिली, आणि पुढच्या थांब्यावर पांढऱ्या लुगड्यातली एक तेजस्वी वृद्धा तिला मांडीवर घेऊन बसलेली दिसली. मी बाबागाडी उघडून मान वर करेपर्यंत ती वृद्धा दिसेनाशी झाली होती. असे मी लिहिले होते. अनेकांनी तो अनुभव वाचून मला फोन केले, काहींनी वाकून नमस्कारही केला. तो अनुभव मी लिहिला तसा घडला नव्हता. एवढे एक वाक्य कागदावर उतरवायला मला कित्येक महिने लागले. मधल्या काळात मी धड झोपलो नाही, धड जपालाही बसलो नाही. माळ हातात घेतली की बोटे पुढे सरकत आणि मन त्या थांब्यावर जाऊन उभे राही.

मुलाची नोकरी गेली होती. कंपनीने एका दुपारी निरोप दिला आणि घराची हवाच बदलली. मी मठात अकरा गुरुवारांचा नेम धरला. खंड पडू द्यायचा नाही आणि स्वतः सोवळ्यात केलेला शिऱ्याचा नैवेद्य दुपारच्या आरतीला न्यायचा. हिला, माझ्या पत्नीला, जाऊन चार वर्षे झाली. तिच्या कडीच्या पितळी डब्यातून मी तो नेत असे. घरातून निघाल्यापासून मठात पोचेपर्यंत त्या डब्याला कोणाचा हात लागू द्यायचा नाही, असे मीच ठरवले होते. मठाने तसे कधी सांगितले नव्हते.

अकराव्या गुरुवारी मनूचे पाळणाघर अचानक बंद राहिले. मनू दीड वर्षाची. मुलगा मुलाखतीला हिंजवडीला गेला होता. सुनेला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. निघताना ती म्हणाली, "बाबा, हिला थोडी कणकण आहे. आज बाहेर नेऊ नका हं. एक गुरुवार चुकला म्हणून देव काही दाराला कुलूप लावून बसणार नाही." मी हो म्हणालो. ती गेल्यावर घरात येरझाऱ्या घालत राहिलो. दहा गुरुवार झाले होते, एकच उरला होता. आज खंड पडला आणि मुलाचे काम झाले नाही तर कोणाला तोंड दाखवू? अर्ध्या तासाने मी शिरा ढवळत होतो.

मनूला कडेवर घेऊन चालणे माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून बाबागाडी घेतली. विश्रांतवाडीच्या थांब्यावर पहिली बस आली तेव्हा कंडक्टर दारातूनच म्हणाला, "आजोबा, गाडीची घडी करा, मगच चढा." घडी कशी करतात हे मुलाने दोनदा दाखवले होते, पण ऐन वेळी ती मिटेना. बस गेली, दुसरीही गेली. मनू रडू लागली. माझे लक्ष घड्याळाकडे होते. तेवढ्यात शेजारी उभी असलेली एक बाई पुढे आली. पन्नाशीची असेल. साडीवर महापालिकेच्या सफाई कामगारांचे जाकीट होते. तिने खाली वाकून पाहिले, चपलेच्या टाचेने मागची पट्टी दाबली आणि गाडी मिटली. "माझ्या लेकीकडं अशीच आहे," ती म्हणाली. "हाताला ऐकत नाही. लाथ लागती तिला."

बसमध्ये तिच्याच शेजारी जागा मिळाली. मांडीवर मनू, गुडघ्यांमध्ये मिटलेली गाडी, हातात पिशवीतला डबा. प्रत्येक वळणाला गाडी घसरे, मनू घसरे आणि मी डबा छातीशी धरी. ती बाई बराच वेळ बघत होती. मग हात पुढे करून म्हणाली, "द्या तो डबा इकडं, मी धरते."

मी डबा झटकन मागे ओढला. माझी नजर तिच्या जाकिटावर गेली आणि ती गेलेली तिने पाहिली. हे मला लिहिलेच पाहिजे. "नैवेद्य आहे," मी म्हणालो. "सोवळ्यातला. मुलीला धरता का जरा?"

"पोरगी चालती का मग?" तिने विचारले.

मी ऐकू न आल्यासारखे केले आणि मनूला तिच्या मांडीवर दिले. मनू रडायची थांबली आणि तिच्या जाकिटाची चमकती पट्टी बोटाने खरवडू लागली.

मंडईचा थांबा आला. पुढच्या दाराशी गर्दी होती. मी ठरवले की आधी डबा आणि गाडी घेऊन उतरावे आणि मग वळून मनूला घ्यावे. मी उतरलो. गाडी रस्त्यावर टेकवली. डबा कुठे ठेवावा हे कळेना, कारण रस्त्यावर ठेवायचा नव्हता. गाडी हाताला ऐकेना म्हणून पायाने उघडली, डबा तिच्यात नीट बसवला आणि वळलो, तर दार बंद झाले होते आणि बस निघाली होती. काचेतून ती बाई उठून उभी राहिलेली दिसली. ती कंडक्टरच्या दिशेने ओरडत होती. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. बस थांबली नाही.

मी धावलो. या वयात, त्या गर्दीत, बाबागाडी ढकलत धावलो. लोक वाट देत होते, कारण गाडीत मूल आहे असे त्यांना वाटत होते. एक बाई म्हणाली, "हळू आजोबा, बाळ पडेल!" गाडीत डबा होता. त्या सबंध वाटेवर मी नामस्मरण केले असे मासिकात लिहिले होते, तेही खरे नाही. मी फक्त एकच गोष्ट मनात घोळवत होतो, की सुनेला काय सांगू. आणि दुसरी, जी त्याहून वाईट आहे. ती कोण, कुठली, मुलीला घेऊन गेली तर? जिने माझी गाडी मिटून दिली, जिच्या मांडीवर मीच मनूला दिले, तिच्याविषयी मी हा विचार केला.

पुढच्या थांब्याच्या कठड्यावर ती बसली होती. पांढरे लुगडे नव्हते, तेज नव्हते. घामेजलेली होती. मनू तिच्या मांडीवर बसून भाकरीचा तुकडा चघळत होती. त्या बाईच्या डब्यातली भाकरी. मला पाहून ती उठली नाही. "मला म्हाईत होतं तुम्ही येणार," ती म्हणाली. "म्हणून हाललेच नाही. पोर हरवलं की एका जागी बसायचं असतं, नाहीतर शोधणारा हुकतो. चौकीवर जाऊन हजेरी लावायची राहिली ती राहिली, आज खाडा लागला." मग तिने बाबागाडीत पाहिले. डबा सरळ बसलेला होता.

"डबा सांडला नाही ना, आजोबा?"

मी मनूला उचलले. आभार मानले की नाही, हे मला खरोखर आठवत नाही. मानले असते तर आठवले असते. मी घड्याळ पाहिले आणि मठाकडे वळलो. आरती मिळाली. नैवेद्य दाखवला. दर्शनाच्या रांगेत सुनेचा फोन आला, तेव्हा आवाज खाली आणून मी सांगितले, "मनू झोपली आहे." प्रसादाचा शिरा गोड लागला. तो गोड लागला होता, हेच आज सगळ्यात जास्त बोचते.

पुढे महिन्याभराने मुलाला काम मिळाले. मठातल्या मंडळींनी अनुभव लिहायचा आग्रह केला. मी लिहायला बसलो आणि त्या बाईपाशी येऊन अडलो. तिला आणले तर डबा येणार, डबा आला की माझी नजर येणार. म्हणून मी तिला पांढरे लुगडे नेसवले, वीस वर्षांनी म्हातारी केली आणि नाहीशी करून टाकली.

ती नाहीशी झाली नाही. यंदा एका गुरुवारी मठात एक तरुण आई भेटली. तिचे मूल आजारी होते. "काका, तुमचा अनुभव वाचल्यापासून मी दर गुरुवारी त्या थांब्यावर फुले वाहते, उदबत्ती लावते," ती म्हणाली. "आता बरेच जण येतात." मी तडक त्या थांब्यावर गेलो. कठड्याच्या कोपऱ्यात हळदकुंकू, झेंडूची फुले, नारळाच्या करवंट्या, उदबत्त्यांची राख. आणि ते सगळे खराट्याने ओढून गोळा करणारी ती. तिचे काम त्याच रस्त्यावर होते, त्या दिवशीही ती तिथेच निघाली होती. मी हे कधी विचारले नव्हते.

तिने मला लगेच ओळखले. "पोरगी बरी आहे?" म्हणाली. मग राखेकडे बोट दाखवून, "इथं कोणाला काय दिसलं कोण जाणे. रोज टाकतात. कचराकुंडी चार पावलांवर आहे, पण देवाचं म्हणून कोणी हात लावत नाही. लावायचा आम्हीच."

मी तिथेच कठड्यावर बसलो, जिथे ती बसली होती, आणि सगळे सांगितले. डबा, नजर, मासिक, पांढरे लुगडे. ती खराट्यावर हात ठेवून ऐकत राहिली. मला वाटले, ती चिडेल. ती हसली.

"म्हणजे लोक माझ्याच पाया पडतात आणि मीच झाडते?"

"मी ते दुरुस्त करीन," मी म्हणालो. "आपले नाव सांगा."

"नाव नको. उद्या फोटो लावाल. एवढंच लिहा की बाई होती, कामावर निघाली होती. आणि फुलं टाकू नका म्हणावं."

त्या संध्याकाळी सुनेलाही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही मला झोपली आहे म्हणून सांगितलंत." डब्याबद्दल नाही, बसबद्दल नाही, तेवढेच. दोन महिने मनू माझ्याकडे एकटी राहिली नाही. त्या रिकाम्या दुपारी मी एरवी महाराजांकडे काही ना काही मागितले असते. या वेळी मागता आले नाही. जे माझ्या हातून निसटले ते परत कोणाच्या हातात द्यायचे, हे ठरवणारा मी कोण, असे वाटले. बहुधा त्याच दुपारी मी पहिल्यांदा खरा जप केला.

गेल्या गुरुवारी सूनच म्हणाली, "चला, मीही येते." आम्ही तिघे बसने निघालो. मठात जाण्याआधी मंडईच्या एक थांबा पुढे गेलो. ती तिथे असेल असे मी सांगितले होते, आणि ती होती. दार उघडले तेव्हा माझ्या एका हातात मनू होती आणि दुसऱ्या हातात डबा. पायरी उंच होती. मी वरूनच डबा तिच्यापुढे धरला.

तिने खराटा कठड्याला टेकवला, पदराला हात पुसले. "आज डबा चालतो वाटतं," म्हणाली आणि घेतला. मग मी मनूला दोन्ही हातांनी धरून सावकाश खाली उतरलो. मागून सून गाडी घेऊन उतरली. डब्यातला पहिला घास त्या बाईने तिथेच खाल्ला. "वेलची कमी आहे," म्हणाली. हिचीही दरवेळी हीच तक्रार असे. उरलेला शिरा आम्ही मठात नेला. पुजाऱ्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "सोवळ्यातला ना?" मी सांगितले, "नाही, एका बाईंनी आधी खाल्ला आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिले, डब्याकडे पाहिले, आणि डबा पादुकांपुढे ठेवला.

महाराजांची कृपा माझ्यावर झाली, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. ती कशी दिसत होती, एवढेच मी खोटे लिहिले होते. वाचकांनी मला क्षमा करावी. आणि त्या थांब्यावर कृपा करून काही वाहू नये. तिथे एक बाई काम करते. तिला नमस्कार करायचाच असेल तर कचरा कुंडीत टाकावा.