माफी तेवढी ठेवली

"हात नीट जोड. वर, छातीशी. चेहरा पाड जरा."

साहेबांच्या ऑफिसात मला उभं केलं होतं. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. खुर्च्या रिकाम्या होत्या, बस कुणी म्हणालं नाही. नवरा दाराशी, मान खाली. साहेबांचा कार्यकर्ता समोर मोबाईल धरून. आमच्याकडे ही रीतच पडलीय. कुणी तोंड उघडलं की बोलवायचं, माफी मागायला लावायची, शूट करून गावभर फिरवायची.

माझा गुन्हा काय? मांजर्लीत आमच्या तळमजल्याच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. सासूबाईंना पलंगावर स्टूल ठेवून बसवलं. ते सगळं मी शूट केलं आणि बोलले, मागचा नाला साहेबांच्या बिल्डिंगसाठी बुजवला, म्हणून पाणी घरात आलं. शिवी नाही, काही नाही. आणि तो व्हिडिओ नेटवर टाकला.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गायब. ॲपवाल्यांकडे तक्रार आली म्हणे. कुणाची, कसली, सांगत नाहीत. दाद मागितली तर मशीनचं उत्तर. डोंबलाची दाद!

"बोल, माझी चूक झाली."

बोलले. नवरा अंबरनाथला साहेबांच्या मेव्हण्याच्या कंपनीत होता. बोलावंच लागलं.

"ताई, एक और. आवाज नाय आला," मोबाईलवाला म्हणाला.

पुन्हा बोलले. लाजेनं अंगाची आग आग झाली.

मग साहेब आतून आले, चहाचा कप घेऊन. "आता म्हण, पाणी आलंच नव्हतं. व्हिडिओ जुना होता."

म्हातारी त्या पाण्यात जीव मुठीत धरून बसली होती. आणि आलंच नव्हतं?

"ते नाही म्हणणार," मी म्हटलं. "पाणी आलं होतं."

"अगं, म्हण ना," नवरा कळवळून म्हणाला. मी नाहीच म्हटलं.

त्याची नोकरी गेली. आता तो माझ्याशी धड बोलत नाही. ज्यांच्या घरात पाणी होतं तेच शेजारी म्हणतात, हिला नसती उठाठेव कुणी सांगितली होती? माझी माफी तेवढी फिरतेय. मी नकार दिला तो भाग कापला. खाली कमेंटमध्ये लोक खिदळतात. त्यावर मी तक्रार केली, तर म्हणे ही क्लिप नियमात बसते. उद्या असल्या व्हिडिओंसाठी नवा कायदा आला तरी तो साहेबांच्याच हातात जाणार. मला आशा नाही.

नाला तसाच आहे. यंदाच्या पावसातही पाणी येईलच. मी पुन्हा शूट करणार, नाव घेऊन बोलणार. काढलं तर पुन्हा टाकणार. अकाउंट बंद केलं तर नाक्यावर उभी राहून ओरडणार. ऐकायला कुणी थांबो न थांबो.