हिंदुराव उतरत नाहीत

गणराजने ती गाडी पिंपळे गुरवच्या सोसायटीत आणून उभी केली, तेव्हा त्याचे वडील हिंदुराव निकम यांनी तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारली, पुढचे चाक बुटाच्या टोकाने चाचपले आणि एकच प्रश्न विचारला.

"घरात माणसं पाच आन् इंजिनात घोडं सहाशे. कुणाला गाठायचं हाय?"

प्रश्न गैरलागू नव्हता. गणराजचा भोसरीत पत्र्याचे सुटे भाग दाबून काढण्याचा कारखाना होता आणि त्याची बहुतेक गिऱ्हाइके चाकणला होती. त्या रस्त्यावर शिफ्टच्या वेळेला कंटेनर आणि कंपन्यांच्या बसगाड्या अशा एकमेकींत गुंतून पडत, की सहाशे घोड्यांना मोशीच्या चौकात एखाद्या रिक्षामागे मुंगीच्या पावलांनी चालावे लागे. टायर इतके रुंद आणि इतके चपटे होते की चाकणच्या पहिल्याच मोठ्या खड्ड्यात त्यांतला एक फुटला. तसाच दुसरा मिळेपर्यंत ती राजस गाडी ताडपत्रीखाली पडून राहिली. सकाळी ती सुरू केली की सोसायटीतली कुत्री एकसुरात भुंकू लागत. गणराजची आई यशोदाबाई यांची तक्रार अशी, की या गाडीची सीट माणसाला आखाड्यातल्या पैलवानासारखी धरून ठेवते. सून विजयश्रीचा पाय जरा जड पडला, की मागे ठेवलेल्या डब्यातली आमटी झाकणाबाहेर येई आणि नात तेजस्विनी नाक मुरडून खिडकी उघडत असे.

हिंदुरावांनी या साऱ्याची मनात नोंद केली आणि त्या गाडीत पाऊल ठेवायचे नाही असे ठरवले. ठरवलेले मोडण्याची त्यांना सवय नव्हती. पाटण तालुक्यातल्या एका वाडीतून ते तरुणपणी भोसरीत आले, भाड्याच्या खोलीत इतर कामगारांबरोबर राहिले आणि एका फोर्जिंग कारखान्यात क्रेन चालवू लागले. छपराखालच्या चिमुकल्या केबिनमध्ये लोखंडी शिडीने चढायचे, आठ तास तापलेली धुडे उचलायची आणि जिथल्या तिथे ठेवायची, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. खाली उभा राहून त्यांना हाताने खुणा करणारे दत्तोबा हे त्यांचे एकमेव जिवाभावाचे मित्र. निवृत्तीनंतरही हिंदुरावांची विजार इस्त्रीची असे, चपला ओळीत असत आणि भेटीची वेळ ठरली की ते त्याआधीच पोहोचलेले असत.

गाडी आल्यानंतर अशा माणसाला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. पुढे व्यायामाने ते काठीच्या आधाराने घरात चालू लागले. वाचा शाबूत राहिली आणि स्वभावही. परंतु मोटारीत बसणे मात्र त्यांना जमेना. घरातल्या जुन्या छोट्या गाडीत बसायचे म्हणजे विहिरीत उतरल्यासारखे खाली कोसळावे लागे आणि बाहेर पडताना दोघांनी ओढून काढावे लागे. रिक्षाची पायरी उंच. म्हणून जिथे जाणे होई तिथे कोणीतरी त्यांना काखेत हात घालून उचलत असे. मोशीच्या एका मंगल कार्यालयात चार पोरांनी त्यांना असे वरच्या वर उचलले, तेव्हा विजारीची नाडी सुटली. कोणीतरी हसले. कोणाच्या तरी हातात मोबाइल होता. त्यानंतर त्यांनी लग्ने, बारशी, सत्यनारायण सगळे बंद केले. केवळ पिंपरीच्या इस्पितळात व्यायामासाठी जात, तेही डोळे मिटून, जणू उचलला जाणारा देह दुसऱ्याचाच आहे.

गाडीत पाऊल न ठेवण्याच्या शपथेतून त्यांना सोडवले विजयश्रीने. दळणाचे जड डबे गाडीत चढवताना तिचा हात एका बटणावर पडला आणि गाडीने हळूच हवा सोडून अंग खाली घेतले. यशोदाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं बया, ही तर उंटासारखी बसती की."

विजयश्रीने गाडी पुन्हा वर घेतली, पुन्हा खाली घेतली आणि मग ती सासऱ्यांना बोलवायला वर गेली. आप्पा येणार नाहीत हे तिला ठाऊक होते, म्हणून तिने फक्त एवढेच सांगितले की गाडी बिघडल्यासारखी वाटते, जरा बघता का. हिंदुराव लिफ्टने खाली आले. खाली बसलेल्या गाडीची सीट बरोबर त्यांच्या कमरेला लागत होती. चढायचे नाही, कोसळायचेही नाही. त्यांनी काठी सुनेकडे दिली, उजव्या हाताने दार धरले, पाठ आत वळवली आणि टेकले. मग उजवा पाय आत घेतला आणि त्याच हाताने डावा पाय उचलून त्याच्या शेजारी ठेवला. सारे आटोपायला बराच वेळ लागला. त्या वेळात कोणीही त्यांना हात लावला नाही आणि विजयश्री मुद्दाम दुसरीकडे बघत राहिली.

"बिघाड न्हाई," ते आतून म्हणाले. "चांगली हाय."

त्या दिवसापासून सहाशे घोड्यांविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही.

मात्र दारात एवढी गाडी असली की ती घरच्यांचीच राहते असे नाही. आमच्या या औद्योगिक पट्ट्यात मोठी गाडी ही अर्धी गावाची मानली जाते. कोणाच्या भाच्याला नवरदेव म्हणून छपरातून बाहेर उभे राहायचे असते, कोणाच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीत पुढे एक रुबाबदार गाडी हवी असते, आणि मागणारा कधी विनंती करत नाही. तो नुसती वेळ कळवतो. गणराज मनाने चांगला, परंतु त्याला नाही म्हणता येत नसे. त्यातून मागणारा रणजीत असला तर मुळीच नाही. रणजीत हा भोसरीतला होतकरू पुढारी, महापालिकेच्या निवडणुकीची तयारी करणारा. ज्या गल्लीतून गणराजच्या कारखान्याचे ट्रक जात, ती गल्ली त्याच्या पोरांच्या ताब्यात होती. ट्रक अडवले जात नसत ते रणजीतच्या मर्जीने. त्यामुळे गाडी जाई आणि परत येई तेव्हा तिच्या फटींत गुलाल असे, सीटवर कोल्ड्रिंकचा चिकटा असे आणि हिंदुरावांचा इस्पितळाचा वार चुकलेला असे. यशोदाबाई ओल्या फडक्याने सीट पुसत आणि रणजीतच्या सात पिढ्यांची मनातल्या मनात विचारपूस करीत.

अशातच दत्तोबांचा फोन आला. त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती आणि मुलांनी चाकणच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. कारखान्यातले जुने सोबती झाडून येणार होते. झटका आल्यापासून त्यांतल्या कोणालाही हिंदुरावांनी तोंड दाखवले नव्हते. फोनवर ते म्हणाले की येतो. आणि माझ्या पायांनी येतो. फोन ठेवल्यावर त्यांनी यशोदाबाईंना ठेवणीतला कोट काढायला सांगितले.

गणराजने आदल्या संध्याकाळी खाली मान घालून सांगितले की त्याच दिवशी रणजीतच्या पुतण्याची वरात आहे आणि गाडीचा शब्द त्याने आधीच देऊन टाकला आहे. आप्पांसाठी दुसरी गाडी येईल, सोबत दोन धट्टीकट्टी पोरे येतील, काही त्रास होणार नाही. हिंदुरावांनी ऐकून घेतले. त्यांनी वाद घातला नाही, याचा गणराजला अतिशय दिलासा वाटला. वडिलांना ओळखण्यात त्याची ही चूक जुनीच होती.

सकाळी रणजीतची पोरे झेंडूच्या माळा घेऊन आली तेव्हा गाडी खाली बसलेली होती आणि पुढच्या सीटवर कोट, टोपी घालून हिंदुराव बसलेले होते. मागे यशोदाबाई होत्या. किल्ली विजयश्रीच्या पर्समध्ये होती आणि पर्स तिच्या काखेत. पोरांना वाटले म्हातारा गंमत म्हणून बसला आहे. त्यांनी बॉनेटवर माळ बांधायला सुरुवातही केली. मग त्यांनी उतरायची विनंती केली, मग पुन्हा केली, मग फोन लावला. गणराज धावत खाली आला, आणि थोड्याच वेळात पांढऱ्या कपड्यांतला रणजीतही आला.

"काय काका," तो दारावर हात ठेवून हसत म्हणाला, "घरचं कार्य आहे राव. दुसरी गाडी एसी लावून उभी केलीय तुमच्यासाठी. पोरं अलगद उचलतील."

"मी जन्मभर क्रेन चालवली, रणजीत," हिंदुराव समोर बघत म्हणाले. "वस्तू उचलत्यात. माणसं चढत्यात आन् उतरत्यात."

"अहो पण नवरदेव ताटकळलाय तिकडं."

"त्याला चालता येतं का?"

"येतं की."

"मग चालव त्याला. मला चालायला लई सायास पडल्यात."

एक पोरगा फिसकन हसला आणि रणजीतने वळून पाहताच गप्प झाला. आता रणजीतचे हसू गेले. त्याने गणराजला विचारले की शब्द कोणाचा होता, त्याचा की म्हाताऱ्याचा. गणराज एकदा वडिलांकडे आणि एकदा जमिनीकडे बघत राहिला. रणजीतने मान हलवताच दोन पोरे पुढे सरकली. मागच्या सीटवरून खट्ट असा आवाज आला.

"अहो," यशोदाबाई म्हणाल्या, "मी पट्टा लावलाय."

हिंदुरावांनी आपणच दार पूर्ण उघडले. "लावा हात," ते म्हणाले. "पण अर्धवट नको. पार वर उचला, म्हंजी समद्या गॅलऱ्यांतनं दिसंल."

पोरे थबकली. रणजीतने वर पाहिले. प्रत्येक गॅलरीत माणसे उभी होती, बायका ओले कपडे हातात घेऊन थांबल्या होत्या आणि बऱ्याच जणांनी मोबाइल समोर धरले होते. दारोदार मते मागायला निघालेल्या माणसाला आजारी म्हाताऱ्याला गाडीतून उपसून काढताना दिसणे परवडणारे नव्हते. हे त्याला कळले आणि हिंदुरावांना कळले आहे हेही त्याला कळले. तो गणराजच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "ट्रक कोणत्या गल्लीतून आणतोस ते बघू आता."

गणराजने पुढे होऊन बॉनेटवरची झेंडूची माळ सोडवली, फुले चुरगळू न देता नीट गुंडाळली आणि रणजीतच्या हातात ठेवली. मागचे दार उघडून तो आईशेजारी जाऊन बसला. विजयश्रीने गाडी सुरू केली, कुत्री भुंकली आणि गाडी उठली.

नाशिक फाटा ओलांडला आणि गणराजचा फोन वाजला. कारखान्यातून होता. गल्लीच्या तोंडाशी मालाचा ट्रक अडवला होता. रणजीतने वरात निघायचीही वाट पाहिली नव्हती. गणराजने हे जसेच्या तसे गाडीत सांगितले. आरशात गणराजचा चेहरा दिसत होता तो हिंदुरावांनी पाहिला. त्यांना प्रथमच आपल्या हट्टाचे वजन जाणवले. ते मुलाच्या खांद्यावर पडले होते.

"वळवायची का गाडी?" त्यांनी विचारले. "खरं सांग. मी उतरून देतो."

"नको," गणराज म्हणाला. "ट्रक रस्त्यावर उभा करू आणि माल हातगाडीवरून आत नेऊ. रोज नेऊ. चल, विजू."

मोशीच्या पुढे नेहमीसारखी कोंडी होती. हिंदुराव घड्याळाकडे बघत होते, पण तक्रार करीत नव्हते.

हॉलचे फाटक अरुंद होते आणि पायऱ्यांपर्यंत एकच गाडी जाऊ शकत होती. निकमांची गाडी थांबली तशा मागे गाड्यांच्या रांगा लागल्या. पायऱ्यांवर जुने सोबती उभे होते. पिकलेल्या मिशांचे, सुटलेल्या पोटांचे. हिंदुरावांना पाहताच चौघे-पाच जण हात पुढे करून धावले. हिंदुरावांनी काचेतूनच पंजा वर केला. धावणारे जागीच थांबले. दत्तोबा एकटेच वरच्या पायरीवरून हलले नव्हते.

विजयश्रीने बटण दाबले. गाडी खाली बसली. हिंदुरावांनी डावा पाय हाताने उचलून बाहेर ठेवला, मग उजवा ठेवला. मागून एकाने हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी मिळून. सीटच्या कडेवर बसल्या बसल्या हिंदुरावांनी कोटाची बटणे लावली, वरून खाली, एका हाताने. टोपी सारखी केली. मग काठी टेकली, दार धरले आणि उभे राहिले.