शत्रूचं हवामान

त्या रंगाऱ्याला सगळे कर्नल म्हणत. सैन्यात तो कधीच नव्हता. सैन्य आपल्याला मुकलं, असं त्याचं मत. शेजारच्या देशात त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं, त्यामुळे त्या देशाबद्दलचं त्याचं ज्ञान अगदी निर्भेळ राहिलं होतं. तिथली माणसं खोटारडी, खिळे ठिसूळ आणि मांजरंसुद्धा पाठीमागून हल्ला करणारी.

तरी रोज सकाळी तो रेडिओ लावी तो त्यांचाच. "शत्रू काय बरळतो ते कळायला नको?" सरहद्द पाच कोसांवर. वारा तिकडून येई, ढगही तिकडूनच. त्यामुळे त्यांचा हवामानाचा अंदाज सहसा खरा ठरे. बायको त्या भरवशावर कपडे वाळत घाली. कर्नल नेमकं उलट करी आणि भिजून येई. भिजणं हे त्याच्या लेखी देशकार्य होतं.

या खेपेला नगरपालिकेच्या इमारतीची दर्शनी भिंत त्याला मिळाली होती. ती जमली की अख्खी इमारत त्याचीच. मग हाताखाली चार माणसं, आणि दुखऱ्या गुडघ्यांना शिडीपासून सुटका.

"अहो, दुपारी पाऊस सांगितलाय त्यांनी. आज शेवटचा हात नका मारू."

"त्यांनी सांगितलाय ना? मग थेंब पडला तर नाव बदलीन."

"कुठलं? कर्नल?"

तीन वाजता पाऊस आला. ओला पिवळा रंग भिंतीवरून पायऱ्यांवर आणि पायऱ्यांवरून गटारात गेला. ताडपत्री घरी होती, व्यवस्थित घडी घातलेली.

"तिकडूनच सोडलाय, साहेब," तो नगरपालिकेच्या इंजिनियरला म्हणाला.

"मग रंगवायलाही त्यांनाच बोलावू? उद्या संध्याकाळपर्यंत भिंत झाली पाहिजे. नाहीतर दुसरा बघतो."

सकाळी रेडिओने दिवसभर कडक ऊन सांगितलं.

"चला, सुटलात! उठा," बायको म्हणाली.

"काल मुद्दाम खरं बोलले ते. आपला विश्वास बसावा म्हणून. डाव आजचा आहे."

"तुमच्या भिंतीसाठी?"

"सुरुवात कुठून तरी करणारच ना!"

त्याने भिंतीला ताडपत्री बांधली आणि आत जाऊन बसला. बाहेर ऊन रणरणत होतं. दुपारपर्यंत आत तो एकटाच चिंब झाला होता, घामाने.

संध्याकाळी इंजिनियरने ताडपत्रीचं टोक उचललं. "कर्नल, रंग कुठाय?"

"खाली वाका साहेब, कुठल्याही क्षणी कोसळेल."

साहेबांनी तिथूनच दुसऱ्या रंगाऱ्याला फोन लावला. घरी बायको कडकडीत वाळलेले कपडे दोरीवरून काढत होती.