मेट्रोपर्यंतचा प्रचार

मुलांनो, तुम्ही फोनवर विचारलंत, “आजी, तू खरंच निवडणूक लढवलीस?” काल गल्लीत शेंगदाणे भाजल्याचा वास आला आणि वाटलं, नीट लिहूनच पाठवावं. दिल्लीत मी कॉलेजात अर्धवेळ शिकवत असे. आम्हा अर्धवेळ शिक्षकांना स्टाफरूममध्ये जागा नव्हती. डबा जिन्याखाली उभ्याने खायचा. निदान एक खोली मिळावी म्हणून मी आमच्या संघटनेच्या अध्यक्षपदाला उभी राहिले. तास संपला की सगळे दुसऱ्या कॉलेजकडे धावत, म्हणून मीही थंडीतल्या उन्हात मेट्रोपर्यंत त्यांच्याबरोबर चालत मतं मागायची. एकजण म्हणाला, “मॅडम, आपके पति तो सरकारी अफ़सर हैं, आपको क्या कमी?” मी म्हटलं, “तो सीढ़ी के नीचे खड़े-खड़े टिफ़िन क्यों खाती हूँ?” तो हसला, हातातली शेंगदाण्यांची पुडी पुढे करत म्हणाला, “ये लीजिए, वोट का सोचूँगा.” मी हरले. जिंकलेला तरुण दुसऱ्याच दिवशी आला. “चलिए आंटी, प्रिंसिपल के पास. आपके जैसा कोई नहीं झगड़ेगा.” मी भांडले. खोली मिळाली, पुढच्या सत्रात मला तास मात्र मिळाले नाहीत. ती खोली अजून आहे, आणि अर्धवेळ शिक्षक तिथे बसून जेवतात.