उत्तर रुमालाखाली

बेल्ह्याच्या बैलबाजारात माझा मेव्हणा चार माणसांत म्हणाला, "दाजींच्या डोक्यात काय ऱ्हात न्हाई. बैलाचं शेण तेवढं ऱ्हातं." लोक हसले. मीही हसलो, कारण माझ्या पिकअपची चावी त्याच्या खिशात होती.

परक्याचे बैल हाकत मी मंचरहून पायी बेल्ह्याला जायचो. तिथून स्वतःच्या पिकअपपर्यंत आलो, रानात ती चालवायलाही शिकलो, पण लायसन काढायचं राहून गेलं. गाडी मेव्हणा चालवायचा, आणि नारायणगावला मिसळ खाल्ल्याशिवाय तो पुढे सरकत नसे. त्याची रश्श्याची दुसरी वाटी येईपर्यंत चांगली जनावरं दुसऱ्यांच्या दावणीला गेलेली असत. शेणाचा राग होताच. मिसळीचा जास्त होता.

शिकाऊ लायसनच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो. पहिल्या वेळी संगणकावर प्रश्न आला, खाली तीन उत्तरं. आता आमचा बैलांचा सौदा होतो रुमालाखाली. दोघांचे हात झाकलेले, बोटं दाबून भाव सांगायचा, आणि जो आधी दाबतो तो पडतो. सगळी उमर हेच केलेलं. मी पडद्याकडे बघत बसलो, पडदा माझ्याकडे. वेळ संपली, प्रश्न निघून गेला. असे सगळेच गेले.

"काका, उत्तरावर बोट दाबायचं असतं," तिथला कारकून म्हणाला.

"त्याला दाबू द्या की आधी," मी म्हणालो.

दुसऱ्या वेळी पुस्तक घोकलं. रोज संध्याकाळी मेव्हणा जावयासारखा खुर्चीत बसून पाठ म्हणून घ्यायचा. परीक्षेत सगळ्या लाल गोल पाट्या एका खिल्लारातल्या निघाल्या. कुणाची ओळख पटेना.

माझी सून नारायणगावच्या कॉलेजात विज्ञान शिकवते. मेथी निवडताना तिने विचारलं, "मामा, तुमच्या डोक्यात काही राहत नाही म्हणता, मग जुना एखादा बैल आठवतो का?"

मी एक सांगितला. डावं शिंग किंचित आत, कपाळावर भोवरा, पाणी पिताना मागचा उजवा पाय सैल सोडायचा.

"कितीला विकलात?"

"माझा नव्हता गं. दुसऱ्यांचा सौदा, रुमालाखाली झाला. भाव कळलाच नाय. अजून डोक्यात किडा वळवळतो."

ती हसली. म्हणाली, "तो किडाच कामाचा. एखादी गोष्ट कळावी अशी ओढ लागली की मेंदूला वाटतं, काहीतरी मिळणार आहे. त्या आशेने आठवण साठवणारा भाग जागा होतो. मग उत्तर आत जातंच, पण तेव्हा आजूबाजूला जे असेल तेही बरोबर शिरतं. तुम्हाला भाव हवा होता, म्हणून बैलाचा पायसुद्धा राहिला."

दुसऱ्या दिवशी तिने माझाच टॉवेल घेतला. पाटीचं चित्र बाहेर, अर्थ टॉवेलखाली. निळ्या गोलावर लाल फुली.

"काय असेल?"

"पार्किंग नाय."

"चूक."

"मग बघू दे."

"आधी कारण सांगा. एक तिरकी रेघ असती तर पार्किंग नाही. इथे दोन आहेत. का?"

मी टॉवेल ओढला, तिनेही ओढला. मी म्हणालो, "तुझ्यापेक्षा बाजारातले दलाल, हेडे बरे, निदान चहा तरी पाजतात." ती कुकर लावायला निघून गेली. तिला घरातून हाकलावं असं वाटण्याइतका संतापलो, पण त्या दोन रेघा काही सोडेनात. तिसऱ्या शिट्टीला ती आली आणि टॉवेल उचलला. खाली लिहिलं होतं: थांबायचंच नाही. क्षणभरसुद्धा.

असे पंधरा दिवस गेले. बायको म्हणायची, सासरा-सून बैल विकतायत की काय.

तिसऱ्या परीक्षेत फुलीची पाटी आली आणि माझ्या कानात कुकर वाजला. पुढची पाटी आली, तिला मेथीचा वास. एकीबरोबर तर टॉवेल ओढताना तुटलेली सुनेची बांगडी आली. मी आधी बोट दाबलं, दरवेळी, आणि पास झालो.

मेव्हण्याला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, "शिकाऊ हाये ते, दाजी. शेजारी लायसनवाला बसवावा लागतो. नियम हाये."

"बसा की," मी म्हणालो. चावी माझ्याकडे होती.

बाजाराच्या दिवशी पहाटे निघालो. तो शेजारी हात पोटावर ठेवून बसला होता. नारायणगाव आलं. हॉटेलापुढे फुलीची पाटी नव्हती, हे मी नीट पाहिलं. गाडी सरळ पुढे काढली. त्याची मान हॉटेलबरोबर मागे वळत गेली.

"दाजी, मिसळ?"

मी पुढचा टेम्पो मागे टाकला.

"आळेफाट्याला थांबनार का?"

आळेफाटाही गेला.

"आवं, खायाचं हाये का न्हाई, तेवढं तरी सांगा."

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं, आणि गियर बदलला.

बेल्ह्यात पोचलो तेव्हा जनावरं अजून टेम्पोतून उतरत होती. मेव्हण्याला त्या दिवसाचं आजही सगळं आठवतं. हॉटेलच्या दारातल्या माणसाने कोणत्या रंगाचा सदरा घातला होता, तेसुद्धा.